मागून म्हणणारी

आमच्या क्लासच्या हॉलमध्ये बँडचा कार्यक्रम होणार आहे, हे मला घरात सगळ्यात शेवटी कळलं. तशी आमच्याकडं पद्धतच आहे. मी नाही म्हणते म्हणून मला विचारायचं नाही, आणि विचारत नाहीत म्हणून मी नाही म्हणते.

हा हॉल धाराशिवात एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथं आम्ही नवरा-बायको कितीतरी वर्षं दहावी-बारावीचे क्लास घेत होतो. हे रसायनशास्त्र शिकवायचे, मी गणित. खालच्या दुकानातून औषधांचा वास वर यायचा आणि मुलं म्हणायची, सरांचं प्रॅक्टिकल चालू आहे. पुढं मुलं लातूरच्या क्लासला जायला लागली. आधी हुशार गेली, मग मधली गेली, मग ज्यांना शिकायचंच नव्हतं तीसुद्धा गेली. आम्ही बाकं एका शाळेला देऊन टाकली. पांढरा फळा आणि भिंतीवर रंगवलेला मूलद्रव्यांचा मोठा तक्ता तेवढा मागं राहिला. हे अधूनमधून जाऊन हॉल झाडून यायचे आणि मी त्यावर काही बोलायची नाही.

तो हॉल आमच्या मुलानं मागितला. तो इथल्याच कॉलेजात आहे आणि गिटार वाजवतो. त्याचे मित्रही काहीबाही वाजवतात. आमच्या गावात ऑर्केस्ट्रा होतात, कीर्तनं होतात, मिरवणुकीत छातीचे ठोके चुकवणारे डीजे होतात, पण आपलं गाणं आपण लिहून आपणच म्हणणाऱ्यांना उभं राहायला जागा नाही, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, कुणालाच माहीत नसलेली गाणी ऐकायला येणार कोण? तो म्हणाला, माहीत नाहीत म्हणूनच येतील. गणितात असलं उत्तर कुणी लिहिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. पण ह्यांनी तोवर किल्ली देऊन टाकली होती.

गणपती उठून गेले होते आणि नवरात्राला अजून अवकाश होता. त्या मधल्या दिवसांतला एक शनिवार त्यांनी ठरवला. अडचण एकच निघाली. हॉल रिकामा झाल्यापासून घुमत होता. टाळी वाजवली की भिंतीला आपटून परत यायची. शिकवताना कधी जाणवलं नाही, कारण तेव्हा आत माणसं होती. मुलानं मोबाइलवर कुठं तरी पाहिलं की भिंतीला जाड कापड टांगलं की आवाज घुमत नाही. आता मराठवाड्यातल्या घरात जाड कापड म्हटल्यावर काय असतं? त्यानं आणि मित्रांनी आपापल्या घरातल्या गोधड्या उचलल्या. आमच्या घरात सगळ्यात जाड गोधड्या सासूबाईंच्या पेटीत होत्या. त्यानं पेटी रिकामी केली आणि कुणाला न विचारता दोन फेऱ्यांत मोटरसायकलवर सगळ्या गोधड्या नेल्या.

इथं सासूबाईंबद्दल सांगायला पाहिजे. त्यांना मी आत्या म्हणते. आमचं पटत नाही असं नाही, पण दोघींनाही शेवटचा शब्द आपलाच लागतो. त्या तुळजापूरच्या आईच्या आराधी आहेत. मंगळवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात तर रोज, बायकांचा मेळा बसतो आणि आईची गाणी होतात. एक जण पुढं होऊन ओळ म्हणते, बाकीच्या मागून तीच ओळ उचलतात. त्या उचलण्याला झील धरणं म्हणतात. मागच्यांनी ओळ धरली की तेवढ्यात पुढचीला दम घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला सवड मिळते. आत्या जन्मभर झील धरत आल्या. पुढं म्हणायच्या त्या आमच्या पलीकडच्या घरातल्या काकू. या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. काकूंचा आवाज धारदार होता, आत्यांचा जाडसर आणि खालचा. मी ह्या घरात आल्यापासून भिंतीपलीकडून तो जोडआवाज ऐकत आले. पेपर तपासताना मला त्याचा राग यायचा.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर आत्यांनी तोंड उघडलं नाही. म्हणजे भांडायला उघडायच्या, पण गायला नाही. पहिल्या नवरात्रात मेळ्यातल्या बायका बोलवायला आल्या तेव्हा गुडघे दुखतात म्हणाल्या. दुसऱ्या नवरात्रात तेच गुडघे. मी एकदा म्हटलं, मेळ्यात पुढं म्हणणाऱ्या दुसऱ्याही आहेत की. त्या म्हणाल्या, "हायत की. पर मला तिच्याच मागं म्हणाया येतं." काकूंच्या सुनेनं काकूंची दोन लुगडी आत्यांना दिली होती. आत्यांनी त्यांची गोधडी शिवली, बारीक टाक्यांची, आणि कधीही न पांघरता पेटीच्या तळाशी ठेवून दिली. तिसरं नवरात्र तोंडावर आलं होतं. हे गुडघे आता कायमचेच दुखणार असं मी मनाशी धरून चालले होते, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं.

शनिवारी दुपारी त्यांनी काहीतरी काढायला म्हणून पेटी उघडली. मी स्वयंपाकघरात होते. झाकण उघडल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच आवाज आला नाही. मी जाऊन पाहिलं तर त्या रिकाम्या पेटीपुढं बसलेल्या. मी काय झालं असेल ते ताडलं आणि मुलाला फोन लावून जे बोलायचं ते बोलले. तो बिचारा म्हणाला, आत्ता सगळं बांधून झालंय, काढलं तर सगळंच खाली येईल. आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि परत दिला. मग त्या उठल्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, मी बी येते.

जिना चढताना त्यांचे गुडघे खरंच दुखत होते. मी हात धरला तर त्यांनी झटकला, आणि चार पायऱ्यांनंतर स्वतःहून माझा दंड धरला.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मला माझाच हॉल ओळखू आला नाही. चारी भिंतींवर गोधड्या. लाल, निळ्या, विटक्या, ठिगळांच्या, कुणाच्या शर्टाचा खिसा तसाच राहिलेल्या. मूलद्रव्यांचा तक्ता त्यांच्या आड पूर्ण बुडाला होता. ज्या बायकांच्या घरातून त्या आल्या होत्या त्याही आल्या होत्या, बहुतेक आत्यांसारख्याच, आपला माल कुठं लागलाय ते बघायला. गाणी ऐकणाऱ्यांच्या गर्दीत निम्म्या आया आणि आज्या होत्या. कुणी न सांगता बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बसले. पांढऱ्या फळ्यावर मुलानं तीन बँडचा क्रम लिहिला होता. अक्षर वाईट होतं.

आत्या भिंतीभिंतीनं हात लावत गेल्या. खिडकीशेजारी त्यांना ती गोधडी सापडली. मुलगा पुढं आला. मान खाली घालून म्हणाला, आजी, आत्ता काढून देतो. त्यांनी कडेचे टाके चाचपून पाहिले, कुठं उसवलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सरलं की माझ्या हातात दे." आणि त्या गोधडीला पाठ लावून खाली बसल्या. मी शेजारी बसले.

पहिला बँड मुलाचाच होता. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण ड्रम वाजवणाऱ्या पोराचा घाम मात्र स्पष्ट दिसला. माझा मुलगा गाताना डोळे मिटतो हे मला त्या दिवशी कळलं. घरात तो दार मिटून गातो, त्यामुळं डोळ्यांचा प्रश्न कधी आला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या आणि त्या घुमल्या नाहीत. म्हणजे गोधड्यांचं गणित बरोबर होतं, एवढं मी कबूल केलं, मनातल्या मनात. दुसरा बँड लातूरचा. हे माझ्याकडं वाकून म्हणाले, आपली पोरं लातूरला शिकायला गेली, त्यांची पोरं आपल्याकडं गायला आली, फिट्टंफाट. त्या मुलांनी भाड्याच्या खोलीवर आणि मेसच्या डब्यावर गाणं केलं होतं. आया हसल्या, आणि एकीनं डोळे पुसले, तिचा मुलगा लातुरात असणार. आत्या मात्र कशालाच हलल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. गोधडी सांभाळण्याच्या कामावर होत्या त्या.

तिसऱ्यांदा दोघंच आले. भूमकडची एक मुलगी, गिटार घेऊन, आणि लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं हातानं वाजवणारा तिचा मित्र. मुलगी विशीतली, कुरता आणि जीन्स, केस नीट न विंचरलेले. ती म्हणाली, मी शाळेत असताना संध्याकाळी क्लास सुटला की एकटी घरी यायचे, तेव्हाचं हे गाणं आहे. एवढंच बोलली आणि सुरू झाली. आवाज धारदार होता. काकूंसारखा होता असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण धार होती.

क्लास सुटला, दिवा गेला,
सायकलची साखळी पडली,
माझ्या मागं कोण येतंय?

आणि ती थांबली. गिटारही थांबली. खोक्यावर फक्त बोटं वाजली, हळू, मागून कुणी तरी चालत यावं तशी. हॉलमध्ये सगळे श्वास धरून बसले. मुलं मोबाइल वर धरून चित्रण करत होती, त्यांचेही हात स्थिर झाले. गाण्याचा सगळा जीव त्या थांबण्यात होता, हे माझ्यासारख्या बेसूर बाईलाही कळलं.

त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज उठला. जाडसर, खालचा, दोन वर्षं न वापरलेला.

माझ्या मागं कोण येतंय…

आत्यांनी झील धरली होती. त्यांनी ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पुढची थांबली, ओळ मोकळी पडली, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांच्या गळ्यानं ती उचलली. डोळेसुद्धा त्यांचे समोर नव्हते, कुठं तरी खाली होते.

सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. पुढं बसलेली दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. एकानं मोबाइल खाली केला, त्याचं चित्रण बिघडलं होतं. मी आत्यांचं मनगट धरलं. माझा हात माझ्याआधी हलला, वर्गात बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जसा जायचा तसा. आत्या भानावर आल्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि इतक्या लहान झाल्या की मला भडभडून आलं. दोन वर्षांनी बाईचा आवाज फुटला आणि मी तिचं मनगट धरून बसले. हसणाऱ्या पोरांकडं मी असं बघितलं की ती गप्प झाली, पण त्याचा आता काय उपयोग होता.

मुलगी क्षणभर गडबडली होती. मग तिनं दुसरं कडवं उचललं. त्यात बंद दुकानं होती आणि कुत्रं होतं. पुन्हा ती त्या ओळीशी आली. माझ्या मागं कोण येतंय? आणि थांबली. पण या वेळी तिनं मित्राला मानेनंच नको म्हटलं. खोकं वाजलं नाही. ती बायकांच्या बाजूला बघत उभी राहिली. ती वाट पाहत होती हे कुणालाही कळलं असतं. मी मनगट सोडलं. हळूच म्हटलं, आत्या, म्हणा ना. त्यांनी मान हलवली. नाही. पदर तोंडावरच.

मुलीनं तिसरं कडवं घेतलंच नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, गिटारशिवाय, नुसत्या गळ्यानं, आत्यांकडं बघत. आणि पुन्हा थांबली.

आत्यांनी पदर खाली केला. आधी नुसता श्वास आला. मग आवाज आला, पहिल्यापेक्षा भरलेला. ओळ तीच, शब्द तेच, पण मुलीच्या गळ्यात जी भीती होती ती या आवाजात नव्हती. पलीकडं बसलेल्या एका म्हातारीनं दुसऱ्या खेपेला आत्यांना साथ दिली, मग खिडकीजवळच्या दोघींनी, मग बायकांची सगळी बाजूच. या सगळ्या कुठल्या ना कुठल्या मेळ्यात मागं बसलेल्या बायका. मुलगी एकेक ओळ म्हणून थांबायची आणि तिच्यामागं हा सगळा घोळका यायचा. तिनं काही ओळी तिथल्या तिथं जोडल्या असाव्यात, कारण तिचा मित्र चकित होऊन तिच्याकडं बघत होता. तिचं भीतीचं गाणं होतं ते. शेवटी शेवटी ती हसत हसत म्हणत होती आणि तिचे गाल ओले होते. मी रडले. मला सहसा असल्या ठिकाणी रडू येत नाही, मी लग्नात पाठवणीलाही कोरडी असते, पण रडले.

कार्यक्रम संपल्यावर ती आत्यांकडं आली आणि पायाशी वाकली. तिनं विचारलं, आजी, तुम्हाला ते गाणं माहीत होतं का? आत्या अवघडल्या. त्यांना वाटलं पोरगी चूक दाखवतेय.

"न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "तू थांबलीस. म्या म्हणलं दम लागला आसंल. पुढचीला असं एकटं सोडत न्हाईत."

मुलानं गोधडी उतरवून आणली होती, तिची दोन टोकं त्या मुलीनं धरली, दोन आत्यांनी, आणि दोघींनी मिळून घडी घातली. आत्या ती पोटाशी धरून जिना उतरल्या.

मला वाटलं, सुटलं कोडं. घरी आल्यावर ह्यांनाही तसं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा तशाच. गोधडी पेटीच्या तळाशी गेली. गुणगुणणं नाही, काही नाही. मुलानं ते चित्रण मोबाइलवर दाखवलं तर त्या, बघू नंतर, म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या. ती पोरगी भूमला निघून गेली होती. पुढची पुन्हा गेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी सकाळी मेळ्यातल्या बायका दारात आल्या. मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते. सगळं ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं, यंदा तरी येता का? आत्या म्हणाल्या, यायचं लई मनात हाय, पर गुडघं.

माझं डोकं सटकलं. त्या गुडघ्यांना हॉलचा जिना चढताना मी पाहिलं होतं. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. त्यांना सुनावायला आले होते, तोंडाशी वाक्यही तयार होतं. पण दारात उभ्या त्या बायका दिसल्या, खाटेवर बसलेल्या आत्या दिसल्या, आणि तोंडातून निघालं ते काकूंचं गाणं. आईच्या मेळ्याचं, काकू नेहमी ज्याच्यानं सुरुवात करायच्या ते. भिंतीपलीकडून इतकी वर्षं रागानं ऐकलेलं सगळं मला पाठ होतं. फक्त सूर पाठ नव्हता. शाळेत मला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगत, त्यानंतर मी चारचौघांत कधी गायले नाही. पहिली ओळ मी कशी म्हटली ते मला आठवायचं नाही. एका बाईनं तोंड फिरवून हसू लपवलं. गाणं पुढं कसं न्यायचं ते मला कळेना, दम संपला, आणि ओळीच्या शेवटी मी थांबले.

चुलीवर म्हणजे गॅसवर तवा तापून धुराला लागला होता, त्याचा वास येत होता. मी पिठाचे हात पुढं धरून उभी होते आणि आत्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत आधी चेष्टा होती. मग ती गेली.

त्या खाटेवरून उठल्या. माझ्या पुढं नाही आल्या, वळसा घालून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. तिथून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुन्यांदा म्हण. जरा खाली धर. मला मागून यायचं हाय."